जुळवलेलं रीडिंग

कॅन्सर मला डाव्या स्तनाचा झाला, पण त्या वर्षात सगळ्यात जास्त घाबरवलं ते हृदयाने. ज्यांना हे आधी कुणी सांगत नाही, त्यांच्यासाठी लिहिते आहे. ऑपरेशन झालं, केमो झाली, गेलेले केस काट्यांसारखे परत यायला लागले, की माणसाला वाटतं सुटलो एकदाचे. माझ्या गाठीचा प्रकार असा होता की त्यानंतरही वर्षभर, दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन घ्यायचं होतं. ते इंजेक्शन कॅन्सरला परत येऊ देत नाही, पण काही जणांचं हृदय थकवतं. म्हणून दर तीन महिन्यांनी टूडी इको करायचा. छातीवरून मशीन फिरवतात, हृदय किती जोराने रक्त ढकलतंय ते बघतात आणि शेवटी एक आकडा काढतात. तो पन्नासच्या वर असला तर इंजेक्शन मिळतं. खाली गेला तर थांबवतात. डॉक्टरांनी बरंच समजावून सांगितलं होतं, माझ्या डोक्यात एवढंच राहिलं. पन्नास.

मी नीता. भांडुपच्या एका ज्युनिअर कॉलेजात एकोणतीस वर्षं फिजिक्स शिकवते आहे. राहायला मुलुंड पूर्वेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा अरुण बँकेतून निवृत्त झालाय, मुलगी ऋता लग्न होऊन चारकोपला असते. मी फटकळ आहे असं मुलं म्हणतात आणि अरुण त्याला दुजोरा देतो.

कळलं तो दिवस

बायॉप्सीचा रिपोर्ट आणायला अरुण गेला होता. मी बारावीची प्रॅक्टिकलची बॅच घेत होते. फोन वाजला.

"तू घरी ये ना जरा," तो म्हणाला.

"फोनवर सांग."

"फोनवर नको गं."

"अरुण, माझ्यासमोर वीस मुलं उभी आहेत. आहे की नाही, एवढंच सांग."

"आहे," तो म्हणाला.

मी फोन ठेवला आणि बॅच पूर्ण केली. वीस जर्नलांवर सह्या केल्या. एका मुलीला ओरडले की आलेखाच्या अक्षांना नावं का दिली नाहीस. मग रिक्षात बसले आणि भांडुप ते मुलुंड रडत आले. रिक्षावाल्याने मध्ये एकदा आरसा थोडा फिरवला, म्हणजे मी त्याला दिसणार नाही. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरले नाही.

इकोची खोली

आमचं हॉस्पिटल मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. त्याचा अर्थ असा की तुमच्या शरीरावर डॉक्टर उपचार करतात आणि डॉक्टर होऊ घातलेली मुलं शिकतात. इकोच्या खोलीत पडदे ओढलेले असतात, एसी कडक असतो आणि स्क्रीनचा तेवढा उजेड. गाऊन पुढून उघडा ठेवून डाव्या कुशीवर झोपायचं, डावा हात डोक्याखाली. माझ्या डाव्या बाजूला स्तन नाही, तिथे आडवा व्रण आहे. त्यावरूनच प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, दाबून फिरवायचा असतो. पहिल्या वेळी मला वाटलं, सगळ्यांसमोर विवस्त्र होणं म्हणजे काय ते आज कळलं.

पहिले दोन इको राजे मॅडमनी स्वतः केले. त्या तिथल्या प्रमुख. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी विचारलं, "तुम्ही टीचर ना? विद्यार्थ्यांनी पाहिलं तर चालेल? नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही." मी हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होते? सहा मुलं आत आली. एकेकाने प्रोब हातात घेतला. कुणाला बरगडीच दिसत होती, कुणाला नुसता धूर. राजे मॅडम सांगत होत्या, "हात पेशंटच्या अंगावर टेकव. हवेत धरून हृदय सापडतं का? घाई करू नकोस, श्वास सोडू दे त्यांना." त्यातल्या एका मुलीने छातीला लावायच्या थंडगार जेलची बाटली आधी गरम पाण्याच्या भांड्यात धरली होती, म्हणून तेवढ्या वेळी अंगावर काटा आला नाही. ती डॉ. अनघा. पहिल्या वर्षाची रेसिडेंट, इको नुकताच शिकायला लागलेली. बारीक, चष्मा, केस करकचून बांधलेले. माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या कुठल्याही मुलीसारखी.

पहिला आकडा आला एकसष्ट. तीन महिन्यांनी साठ. दोन्ही वेळा मी बाहेर येऊन अरुणला अंगठा दाखवला आणि आम्ही कँटीनमध्ये इडली खाल्ली.

तिसरा इको

तिसऱ्या वेळी राजे मॅडम दुसरीकडे कॉन्फरन्सला गेल्या होत्या. बाहेर बाकावर माझ्या शेजारी वाकोल्याच्या एक मालवणी आजी बसल्या होत्या, झडपेचं ऑपरेशन झालेल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुका धाप लागता काय गो?" त्यांनी विचारलं.

"जरा लागते. जिने चढून आले ना."

"जिनो खयचो? लिफ्टीतून तर इलंस माझ्यावांगडा."

मी हसून वेळ मारून नेली. खरं म्हणजे पंधरा दिवस झाले होते. घरचे तीन मजले चढताना मी दुसऱ्या मजल्यावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायचं नाटक करत होते. संध्याकाळी चपलांचे पट्टे पायात रुतायचे. वय, वजन, केमोचा थकवा, अशी कारणं मीच मला पुरवत होते.

आत अनघा एकटी होती. "काकू, आज मी करणार हं," ती म्हणाली. तिने माझी फाईल मागून घेतली, जुना रिपोर्ट काढला आणि मशीनच्या कडेला उघडून ठेवला. मग कामाला लागली. प्रोब नीट धरला होता, हात टेकवून, घाई न करता. मला स्क्रीन तिरका दिसत होता. हृदयाचा कप्पा उघडमिट करत होता. तिने चित्र थांबवलं, कप्प्याच्या आतल्या कडेने सावकाश रेघ ओढत नेली, दुसऱ्या चित्रावर परत ओढली. कोपऱ्यात आकडा उमटला.

एक्कावन्न.

तिने फाईलकडे बघितलं. मग आकडा पुसला आणि पुन्हा रेघ ओढली. या वेळी जरा बाहेरून, कडेला किंचित सोडून. चोपन्न. परत फाईल. परत पुसलं. पुढच्या वेळी एकोणसाठ आले. तिने मान हलवली, श्वास सोडला आणि रिपोर्टवर लिहिलं : साठ.

मी ते लगेच ओळखलं. कारण मी हे आयुष्यभर बघत आले आहे. साध्या लंबकाच्या प्रयोगात उत्तर काय यायला हवं ते मुलांना आधीच माहीत असतं. मग ती लंबक मोजत नाहीत. उत्तरावरून उलटं गणित करून स्टॉपवॉचची रीडिंग लिहितात. काही जण तेवढी लबाडीही करत नाहीत. खरंच मोजतात, पण उत्तर जुळेपर्यंत मोजत राहतात आणि न जुळलेलं खोडून टाकतात. ही दुसरी जात हुशार, कष्टाळू मुलांची असते. त्यांना आपण खोटं लिहितोय असं वाटतही नाही. त्यांना वाटतं, आपण चूक सुधारली.

अनघाने माझं हृदय तसं मोजलं होतं.

"सगळं छान आहे काकू," ती म्हणाली आणि टिश्यूचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

मी जेल पुसला, गाऊन बांधला आणि बाहेर येऊन अरुणला अंगठा दाखवला.

मी गप्प का बसले

हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेच लिहायला हवं. मी त्या मुलीला सांभाळून घेतलं असं नाही. तिचं पुढे काय होईल, राजे मॅडम तिला झापतील का, हे विचार नंतर आले. पहिला विचार एकच होता. साठ म्हणजे इंजेक्शन मिळणार. एक्कावन्न म्हणजे पुन्हा तपासणी, आणि पुन्हा तपासणीत एकोणपन्नास आले तर इंजेक्शन बंद. माझ्या मावशीचा कॅन्सर दोन वर्षांनी उलटला होता आणि ते मी जवळून पाहिलं होतं. त्या भीतीपुढे धाप म्हणजे किस झाड की पत्ती.

दुसरं कारण याहून वाईट आहे. एकोणतीस वर्षं मी जुळवलेली रीडिंग चालवून घेतली आहेत. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक येतो, मुलांचे मार्क जायला नकोत, म्हणून मी टेबलामागून फिरताना हळूच म्हणायचे, "अरे, उत्तर लांब जातंय. पुन्हा बघ जरा." पुन्हा बघ म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळायचं. त्यातली काही मुलं डॉक्टर झाली आहेत. अनघाला शिकवणारी कुणीतरी माझ्यासारखीच असणार. मग मी कोणत्या तोंडाने बोलणार?

चौथ्या दिवशी मी ते इंजेक्शन घेतलं. डे-केअरच्या सिस्टरने विचारलं, "काही त्रास?" मी म्हटलं, "काही नाही."

दुसरा मजला

त्यानंतरचे पंधरा दिवस मी आडवी झोपू शकत नव्हते. तीन उशा लावून बसल्यासारखी झोपायचे. खोकला यायचा. कॉलेजात खडू धरून फळ्यावर लिहिताना वाक्याच्या मध्ये थांबावं लागायचं. मुलांना वाटायचं मॅडम विचार करतायत.

एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना दुसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसले ते उठताच येईना. मागून अरुण आला. त्याने पिशवी घेतली, शेजारी बसला आणि म्हणाला, "किती दिवस चाललंय हे?"

"आत्ताच जरा..."

"नीता, मी मूर्ख आहे का? तू रोज इथे किल्ली शोधतेस. किल्ली माझ्याकडे असते."

मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. एक्कावन्न, चोपन्न, एकोणसाठ, साठ. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी जिन्यात ओरडला.

"तुला माहीत होतं? माहीत असून तू इंजेक्शन घेतलंस?"

"बंद केलं असतं रे त्यांनी!"

"मग करू दे ना बंद! तुझं हार्ट बंद पडलं असतं तर? काय केलं असतं मी? बारावीच्या पोरांना झापतेस ना कॉपी केली म्हणून? तू काय केलंस?"

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं. अरुण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. आजारपणात नवऱ्याचे किती हाल होतात ते सगळे सांगतात. आपण त्याच्याशी खोटं बोलतो तेव्हा काय होतं ते कुणी सांगत नाही. घरात गेल्यावर त्याने ऋताला फोन लावला आणि तिच्याशी एक शब्दही बोलू शकला नाही. शेवटी फोन माझ्याकडे दिला. ऋता इतकंच म्हणाली, "आई, उद्या सकाळी आठला मी तिथे असेन. तयार राहा."

फाईल न देता

इकोच्या खोलीत राजे मॅडम होत्या, अनघाही होती. अनघाने सवयीने हात पुढे केला. "काकू, फाईल?"

"फाईल नाही देणार," मी म्हटलं. फाईल मी ऋताकडे देऊन तिला बाहेर बसवलं होतं. "आधी मोजा. मग देते."

राजे मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे. मग अनघाकडे. "झोपा," म्हणाल्या आणि प्रोब स्वतः घेतला. मी स्क्रीनकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मी अनघाचा चेहरा बघत होते. तो उतरत गेला.

"चव्वेचाळीस," राजे मॅडम म्हणाल्या. "आता फाईल आणा."

ऋता फाईल घेऊन आत आली. मॅडमनी रिपोर्ट वाचला, खालची सही वाचली आणि तीन आठवड्यांपूर्वीची चित्रं मशीनवर लावली. चित्रं साठवलेली असतात हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी स्वतः रेघ ओढली. पन्नास आले, दुसऱ्यांदा एक्कावन्न.

"अनघा, तुला किती आले होते?"

ती बोटं एकमेकांत अडकवून उभी होती.

"किती?"

"एक्कावन्न," ती म्हणाली. "पण मॅडम, आधीचा रिपोर्ट तुमचा होता. साठ होते. मला वाटलं माझंच काढायचं चुकतंय. म्हणून मी... जुळेपर्यंत..."

राजे मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या. "माझा आकडा तीन महिन्यांपूर्वीचा होता," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांत पेशंटचं हृदय बदललं. ते बदललंय का, हे बघायलाच आपण इको करतो ना? आणि या रिपोर्टवर माझीही सही आहे. चित्रं न बघता केलेली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला माफ करा."

मला तेव्हा सांगायचं होतं की मीही बघितलं होतं, मीही गप्प बसले. जीभ रेटली नाही. ऋताने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी फक्त मान हलवली.

अनघा माझ्यामागून कॉरिडॉरमध्ये आली. "काकू, सॉरी," म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. तेव्हा मात्र मी सांगितलं. "मी बघत होते. तू दोनदा पुसलंस ते मी बघितलं. मीही बोलले नाही." "का नाही बोललात?" तिने विचारलं. "मला साठ हवे होते," मी म्हटलं.

इंजेक्शनाविना

इंजेक्शन बंद झालं. हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाणी मोजून प्यायचं, मीठ जवळजवळ नाहीच. आठ दिवसांत पायांची सूज उतरली, उशा तीनवरून एकावर आल्या. धाप कमी झाली तसं मला आनंद व्हायला हवा होता, पण झालं उलटंच. एकवीस दिवसांचा कॅलेंडरवरचा लाल गोल कोरा गेला, आणि मला वाटायला लागलं की आत कुठेतरी एक पेशी जागी झाली आहे. आंघोळ करताना मी उजवी बाजू दाबून दाबून बघायचे. मान, काख, परत काख. एकदा काखेतल्या स्नायूलाच गाठ समजून अरुणला हाक मारली. तो साबणाच्या हाताने धावत आला, चाचपून म्हणाला, "हा तुझा हात आहे." दोघंही हसलो आणि मग मी बराच वेळ बाथरूममध्येच बसून राहिले.

त्याच्याशी भांडण मिटलं होतं, पण पूर्वीसारखं नव्हतं. "बरं वाटतंय का?" असं विचारल्यावर माझं उत्तर झालं तरी तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहायचा, खरंय का ते तपासायला. तो हक्क मीच त्याला दिला होता.

कॉलेजात मी नवीन नियम केला. लंबकाचं उत्तर काही येवो, सगळी रीडिंग जर्नलमध्ये दिसली पाहिजेत, खोडलेलं एकही चालणार नाही. "मॅडम, मग मार्क?" "मार्क मोजण्याचे. उत्तराचे नाहीत." माझ्याच विभागातल्या एका सरांनी सुचवलं की आजारपणामुळे मॅडमचं जरा बिघडलंय. असेलही.

एकोणपन्नास

महिन्याने पुन्हा इको. राजे मॅडम शेजारच्या खोलीत एका लहान बाळाच्या तपासणीत अडकल्या होत्या. "अनघा सुरू करेल, मी येऊन चित्रं बघते," असा निरोप आला. "तुमची हरकत असेल तर थांबू," अनघा म्हणाली. मी थोडा वेळ विचार केला आणि आडवी झाले.

तिने फाईल मागितली नाही. जेल गरम होता. मी स्क्रीनकडे बघत होते, कारण न बघणं मला जमणार नव्हतं. रेघ ओढली गेली. अठ्ठेचाळीस.

तिने तो आकडा पुसला नाही, बाजूच्या कागदावर लिहिला. दुसऱ्यांदा रेघ ओढली. एकोणपन्नास. तोही लिहिला. तिसऱ्यांदा एक्कावन्न.

एक्कावन्न! पन्नासच्या वर. मी कोपरावर उठून बसले.

"अनघा, शेवटचं बघ ना. एक्कावन्न आलंय. तेच बरोबर असेल. पहिल्या वेळी मी हलले होते."

"काकू, तुम्ही नाही हललात."

"अगं, दोन आकड्यांचा तर प्रश्न आहे. इंजेक्शन आज आहे माझं. खाली डे-केअरला नाव लावलंय. एक महिना झाला मी विनाऔषध बसलेय, तुला कळतंय का? एक्कावन्न लिही. तुझ्या मशीननेच दाखवलंय, मी काय खोटं लिहायला सांगतेय?"

हे माझ्या तोंडून आलं. मीच म्हणाले हे. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं आता ऐकेल. मी तिचं मनगट धरलं होतं, घट्ट.

"तिन्ही लिहिते काकू," ती म्हणाली. "सरासरी एकोणपन्नास. मी एक्कावन्न नाही लिहिणार."

"माझ्या जिवाचा प्रश्न आहे गं."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

राजे मॅडम आल्या, चित्रं बघितली, त्यांनाही एकोणपन्नासच आले. "गोळ्या लागू पडतायत. आणखी तीन आठवडे थांबू," म्हणाल्या. मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. अनघाकडे तर बघितलंही नाही. रिक्षात बसल्यावर मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. काल शिकायला लागली आणि आज मला नियम शिकवते. अरुणने सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर लिंबू सरबत करून दिलं, बिनमिठाचं.

ते तीन आठवडे सगळ्यात वाईट गेले. आधीच्या महिन्यात निदान राग करायला कुणी नव्हतं. आता होतं. सकाळी उठल्यावर पहिला विचार तिचा यायचा. तिने दोन आकडे दिले असते तर आज औषध माझ्या अंगात असतं.

त्यानंतर

तिसऱ्या इकोनंतर अडीच महिने होत आले होते. मी कुशीवर झोपले. अनघाने प्रोब ठेवला. पहिली रेघ : पंचावन्न. दुसरी : चोपन्न. तिसरी : त्रेपन्न. तिन्ही तिने कागदावर लिहिले, खाली रेघ मारली आणि लिहिलं, चोपन्न.

तिने कागद माझ्याकडे फिरवला. माझ्या मनात लगेच शंका आली : हिला माझी दया आली असेल का? मी वाद घातला होता, मनगट धरलं होतं, म्हणून या वेळी रेघ जरा बाहेरून ओढली असेल का? मी तिच्या तोंडाकडे बघितलं. चष्म्याच्या मागचे डोळे थकलेले होते. गेल्या वेळी मी भीक मागत असताना तिने एकोणपन्नास लिहिले होते. ते आठवलं आणि शंका गेली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मी एखाद्या आकड्यावर विश्वास ठेवला.

"अनघा," मी म्हटलं, "थँक यू. आजच्यासाठी नाही. मागच्या वेळेसाठी."

तिने टिश्यूचा गठ्ठा पुढे केला, पण मला देण्याऐवजी स्वतःच व्रणावरचा जेल पुसायला घेतला, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी तिला पुसू दिलं. मग गाऊन बांधला आणि इंजेक्शन घ्यायला खाली डे-केअरला गेले.